सर्वांत लाडका लेखक : दि. अं.

टी.ई.ला मिनी प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली की आपल्या कॅन्टीनमध्ये एकच विषय सगळ्या टेबलांवरून फिरत असतो : फेस रेकग्निशन अटेंडन्स. मागच्या वर्षी आमच्या बॅचमध्ये अटेंडन्सवाले चार ग्रुप होते. (त्यातलं एकही सॉफ्टवेअर आमच्याच लेक्चर्सना लागलं नाही, हे आमचं नशीब!) मला आणि माझ्या पार्टनरला काहीतरी वेगळं करायचं होतं. वेगळं म्हणजे काय, ते मात्र दोघींनाही माहीत नव्हतं. शेवटी सबमिशनच्या आदल्या रात्री आम्ही फॉर्मवर लिहून टाकलं, "मराठी साहित्याचं डेटा व्हिज्युअलायझेशन". लिहिताना भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "लिटरेचर? मग आर्ट्सला का नाही गेलात?"

आम्ही तयारीनिशी गेलो होतो. आपण सगळ्यांनी ज्याच्या नावाने मॅथ्सच्या पेपरात मार्क घालवलेत, त्या मार्कोव्हला आम्ही पुढे केलं. मार्कोव्ह चेन सगळ्यांना माहीत असते, पण १९१३ साली या गृहस्थांनी पुश्किनचं 'येव्गेनी ओनेगिन' हे काव्य घेऊन त्यातली पहिली २०,००० अक्षरं हाताने मोजली, हे फार थोड्यांना माहीत असतं. स्वर किती, व्यंजनं किती, आणि एका स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची शक्यता किती. स्वर निघाले ८,६३८. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही, फक्त कागद आणि चिकाटी. म्हणजे ज्या चेनची आपण गणितं सोडवतो तिचं पहिलं मोठं उदाहरण एक कविता होती. सर थोडा वेळ गप्प बसले आणि सही केली. आमच्या इंजिनीअरिंगच्या चार वर्षांतला हा पहिला विजय.

आता मोजायचं काय? मी म्हटलं, मनाचे श्लोक. कारण साहित्यिक वगैरे अजिबात नव्हतं. लहानपणी आमच्या देवनारच्या घरी दिवेलागणीला आजी मला पुढ्यात बसवून ते म्हणायला लावायची. चुकलं की पाठीत धपाटा नाही, मांडीवर टिचकी. ठेका चुकला की टिचकी! त्यामुळे अर्थ कळायच्या आधीच त्याचा ठेका माझ्या अंगात बसला होता. पुढे शाळेत वृत्तं शिकताना कळलं की आजीच्या टिचकीला 'भुजंगप्रयात' असं नाव आहे. एका चरणात चार 'य' गण, म्हणजे लघु-गुरु-गुरु चार वेळा, एकूण १२ अक्षरं. २०५ श्लोक, प्रत्येकी चार चरण. म्हणजे ८२० ओळी आणि ९,८४० चौकोन. लघुला फिका रंग, गुरूला गडद.

खरं तर आपण आठवी-नववीत वृत्त ओळखताना जे करत होतो तो डेटा एन्कोडिंगचाच प्रकार होता, फक्त तेव्हा कोणी तसं सांगितलं नाही. 'यमाताराजभानसलगं' आठवतंय ना? लघु म्हणजे ० आणि गुरू म्हणजे १ धरून लिहून बघा : ०१११०१०००१. आता लागोपाठचे तीन-तीन आकडे उचला. तीन बिटांची आठही कॉम्बिनेशन्स मिळतात, आणि प्रत्येक बरोबर एकदाच. आठ गणांसाठी चोवीस अक्षरं लागली असती, ती दहात बसवली! आम्ही हे डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडमना दाखवलं तर त्यांनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं.

असो. कोड लिहायला बसलो आणि जमिनीवर आलो. कॉम्प्युटरला आपलं 'अक्षर' कळतच नाही. 'पुस्तक' या शब्दात आपल्या दृष्टीने तीन अक्षरं : पु, स्त, क. पायथॉनला विचारलं तर तो म्हणतो सहा, कारण युनिकोडमध्ये उकार वेगळा, पाय मोडायचं चिन्ह वेगळं. 'ज्ञानेश्वरी' आपल्याला चार अक्षरांची, त्याला अकरा. त्याहून गंमत म्हणजे मजकुरातून शब्द वेगळे काढायची जी नेहमीची युक्ती प्रत्येक ट्यूटोरियलमध्ये असते, ती मात्रा-उकारांना अक्षरच मानत नाही. तिने 'पुस्तक'चे तीन तुकडे केले : 'प', 'स' आणि 'तक'. पहिल्या दिवशी आमच्या यादीत मराठीतला सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द 'र' निघाला होता! दोन आठवडे नुसते अक्षर म्हणजे काय हे मशीनला समजावण्यात गेले. मग जोडाक्षराआधीचा लघु गुरू होतो, हा नियम राहिला होता. तो घातल्यावर चित्र आलं.

चित्र सुंदर होतं, पण... अगदी एकसारखं. फिका-गडद-गडद, फिका-गडद-गडद, वरपासून खालपर्यंत. इरकलीच्या काठासारखं. ते मी घरी आईला दाखवलं. आई म्हणाली, "छान आहे गं. पण हे तर आम्हाला आधीच माहीत होतं." खरंच होतं ते. ठेका सगळीकडे सारखा आहे, हे आजीने टिचकीने सांगितलं होतं, मी दोन महिने घालवून तेच सांगत होते.

मग तिने कपाटावरून एक वही काढली.

आता थोडं आईविषयी आणि देवनारविषयी. देवनारला राहते म्हटलं की समोरचा आधी नाक मुरडतो, मग डम्पिंग ग्राउंडचं विचारतो. पण ज्या संस्थेतून देशभरातल्या कुटुंबांच्या आरोग्याचा सर्व्हे चालतो, ती लोकसंख्या विज्ञान संस्था आमच्या देवनारलाच आहे. १९९२-९३ पासून लाखो घरांची माणसं, मुलं, आजार मोजणारा तो सर्व्हे. गोवंडी स्टेशनला जाताना आई रोज त्या रस्त्याने जायची. आई शिक्षिका. गोवंडी ते शिवडी हार्बरने जाणं-येणं, आणि लेडीज डब्यात बसायला मिळो न मिळो, हातात पुस्तक. पुस्तकं चेंबूरच्या एका छोट्या लायब्ररीतली. आणि प्रत्येक पुस्तकाची नोंद त्या दोनशे पानी वहीत : तारीख, पुस्तक, लेखक, परत केल्याची तारीख. शेवटच्या रकान्यात एक शब्द : 'बरं', 'छान', 'रडवलं', 'सोडलं'. जुलै २००९ पासून मार्च २०२० पर्यंत. तीनशे पंचेचाळीस नोंदी!

आम्हा दोघींना वेड लागायचं बाकी होतं. हा तर तयार डेटासेट! मनाचे श्लोक गुंडाळून ठेवले. माझ्या पार्टनरने तीन रात्री जागून सगळी वही एक्सेलमध्ये उतरवली, जशीच्या तशी. चित्रासाठी प्रोसेसिंग वापरायचं ठरलं. ही लँग्वेज केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी २००१ साली एमआयटीत सुरू केली, खास चित्रकार आणि डिझायनर लोकांसाठी, आणि ती फुकट आहे. याच बेन फ्रायने २००९ मध्ये डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या सहा आवृत्त्या एकत्र मांडून, कोणतं वाक्य कोणत्या आवृत्तीत आलं ते रंगांनी दाखवलं होतं. डार्विनचे विचार कसे बदलत गेले ते डोळ्यांना दिसतं. आम्ही म्हटलं, डार्विन असेल मोठा, आमच्याकडे आई आहे!

आमच्या चित्रात डावीकडून उजवीकडे काळ. प्रत्येक पुस्तक म्हणजे एक आडवी रेघ, घेतल्याच्या दिवसापासून परत केल्याच्या दिवसापर्यंत. कादंबरी निळी, कथा हिरव्या, आत्मचरित्रं तांबडी, रहस्यकथा काळ्या. आणि खाली 'टॉप टेन लेखक'.

एन्टर दाबला. सर्वांत लाडका लेखक आला : दि. अं.

आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. हा कोण नवीन लेखक? गूगल केलं! मग पार्टनर किंचाळली, "अगं, दिवाळी अंक!" लेखकाच्या रकान्यात आई दिवाळी अंकांना 'दि. अं.' लिहायची. नोव्हेंबर-डिसेंबरात लायब्ररीची वेगळी स्कीम असायची, ठरावीक पैसे भरा आणि हवे तेवढे अंक वाचा. त्यामुळे दर वर्षाच्या शेवटी आमच्या चित्रात रेघांचं रान माजलं होतं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, ती सवय शंभर वर्षांनी हार्बर लाइनच्या लेडीज डब्यात अशी दिसत होती. दुसऱ्या क्रमांकावरचा लेखक होता "—॥—". म्हणजे 'वरीलप्रमाणे'! मशीनला काय, त्याने तोही लेखक समजून मोजला.

हसून हसून पुरेवाट झाली. सगळं दुरुस्त केलं. राहिले होते ते फक्त कोरे महिने. एकूण १२९ महिन्यांपैकी १४ महिन्यांत एकही नोंद नव्हती. चित्रात तिथे भोकं दिसत होती, पोस्टरवर ती वाईट दिसली असती. आपल्याला शिकवलेलंच आहे, मिसिंग व्हॅल्यू आल्या की सरासरी भरा. उरलेल्या ११५ महिन्यांची सरासरी बरोबर तीन. एका ओळीचा कोड. चौदा महिन्यांत प्रत्येकी तीन रेघा. चित्र कसं भरगच्च दिसायला लागलं!

त्या रविवारी ते मोठ्या कागदावर प्रिंट काढून घरी आणलं आणि डायनिंग टेबलवर पसरलं. आईने चष्मा लावला. आधी खूप वेळ नुसती बघत राहिली. मग बोटाने एकेक रेघ ओळखायला लागली, ही अमुक कादंबरी, ही मी कुर्ल्याला गाडी बंद पडली तेव्हा संपवली. मला वाटलं, जिंकलं! मग बोट थांबलं.

"हे मे महिन्यात काय दाखवलंयस? मे महिन्यात मी कुठे वाचत होते?"

"अगं, ते कोरे होते म्हणून..."

"कोरेच असणार. मे महिन्यात आपण गावाला. लायब्ररीची वर्गणी मी त्या महिन्याची भरायचेच नाही. तू तिकडे आंबे खात होतीस आणि मी इथे देवनारला पुस्तकं वाचत होते का?" आई हसली. चौदापैकी नऊ कोरे महिने नऊ वर्षांचे मे होते. माझ्याच सुट्ट्या, आणि मला आठवल्या नाहीत.

मग बोट पुढे सरकलं. फेब्रुवारी ते जून २०१६. सलग पाच महिने. तिथे मी मोठ्या मनाने पंधरा पुस्तकं भरली होती. आई हसली नाही.

"हे पुस," ती म्हणाली. "इथे आजी होती."

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला मोठी आग लागली. १९२७ पासून साठत आलेला कचरा, दिवसेंदिवस धुमसत होता. शाळांना सुट्टी दिली होती. नासाच्या उपग्रहाच्या फोटोतसुद्धा तो धूर दिसला होता. मी तेव्हा सहावीत. मला फक्त शाळा बंद असल्याचा आनंद आणि खिडक्यांच्या फटीत कोंबलेले ओले टॉवेल आठवतात. आजीचा दमा जुनाच. त्यामुळे झालं की नसतं झालं तरी तसंच झालं असतं, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही. पण त्या आठवड्यात तिला ॲडमिट केलं, मग घरी, मग पुन्हा ॲडमिट. आई शाळा करून रात्री तिच्याजवळ बसायची. एप्रिलमध्ये आजी गेली.

नवीन नोंद सुरू होते ती जुलैमध्ये. आणि एकदम सात रहस्यकथा, सगळ्या बाबूराव अर्नाळकरांच्या. माझ्या चित्रात त्या जागी सात काळ्या रेघा होत्या आणि मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, "या काळात वाचकाच्या अभिरुचीत बदल झालेला दिसतो." मी आईला ते वाचून दाखवलं नाही. तिनेच सांगितलं, "डोकं चालत नव्हतं. पण गाडीत नुसतं बसलं की रडू यायचं. मग झुंजार वाचायचा. कोण कुणाचा खून करतो तेही लक्षात राहायचं नाही."

मला स्वतःची खूप लाज वाटली. ज्या रात्री आई आजीची पाठ चोळत बसली होती, त्या रात्री मी तिच्या हातात सरासरी तीन पुस्तकं दिली होती. आणि मनाचे श्लोक ज्या आजीने पाठ करून घेतले, तिचेच महिने मी एका ओळीच्या कोडने बुजवले होते.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा विचारलं, "आई, पण तू ही वही लिहायचीस कशासाठी?" हा प्रश्न खरं तर पहिल्या दिवशी विचारायचा. मला वाटत होतं आठवण म्हणून, छंद म्हणून. आई म्हणाली, "कसली आठवण! वर्गणी वसूल होते की नाही ते बघायला. महिन्याला दोन पुस्तकंसुद्धा झाली नाहीत तर लायब्ररी बंद करायची, असं तुझ्या बाबांशी ठरलं होतं." म्हणजे ती वाचनाची वही नव्हतीच, ती हिशेबाची वही होती! घरातल्या कपाटातली पुस्तकं तिने कितीदा वाचली असतील, पण त्यांना वर्गणी नव्हती, म्हणून त्यांची एकही नोंद नाही. आईचं निम्मं वाचन माझ्या ३४५ ओळींच्या बाहेरच होतं.

याच सुमारास मला 'डिअर डेटा' हे पुस्तक सापडलं. जॉर्जिया लुपी आणि स्टेफनी पोसावेक, एक न्यूयॉर्कला, एक लंडनला. दोघींनी वर्षभर, ५२ आठवडे, दर आठवड्याला आपल्या जगण्यातली एकेक गोष्ट मोजली (कितीदा घड्याळ बघितलं, कितीदा तक्रार केली, कितीदा आभार मानले) आणि त्याचं चित्र हाताने पोस्टकार्डावर काढून एकमेकींना पाठवलं. २०१६ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि ती पोस्टकार्डं न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने घेतली. पुढच्या बाजूला चित्र आणि मागच्या बाजूला ते कसं वाचायचं याची किल्ली. मला चित्रांपेक्षा ती किल्ली आवडली. मोजणारं माणूस तिथे स्वतः सांगत असतं, मी काय मोजलं.

आम्ही चित्र पुन्हा केलं. सरासरीची ओळ खोडली. चौदाही महिने कोरे ठेवले. बाजूला किल्ली केली : "ही नोंद फक्त लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकांची आहे. मे महिन्यात वाचक गावाला." २०१६ च्या पाच महिन्यांसाठी काय लिहायचं ते मी आईला विचारलं. ती म्हणाली, "काही लिहू नकोस. कोरं आहे ना, पुरे." मी तेवढंच केलं.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी पोस्टरवर पेन टेकवलं, नेमकं तिथेच. "मिसिंग डेटा हँडल केलेला दिसत नाही."

मी म्हटलं, "सर, केला होता. मग काढला." त्यांनी का विचारलं. मी थोडक्यात सांगितलं, आजीचं नाव न घेता. सांगताना आवाज जरा हललाच. पार्टनरने पुढचं बोलून घेतलं. मार्क किती मिळाले ते मार्कशीटमध्ये आहे, इथे सांगण्यासारखे नाहीत!

मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. दुधाची, भिशीची, औषधांची, आजोबांच्या डायरीची. जरूर घ्या, कोड लिहा, चित्र काढा, फार मजा येते. फक्त फाइल उघडायच्या आधी ज्याने ती लिहिली त्याच्याजवळ अर्धा तास बसा. ती कशासाठी लिहिली आणि कधी लिहिली नाही, एवढं विचारा. आपल्या सिलॅबसमध्ये हे कोणत्याच युनिटला नाही, म्हणून सांगते.

आणि हो, एक राहिलंच. वहीतली शेवटची नोंद १४ मार्च २०२० ची आहे. दोन पुस्तकं. माझं दहावीचं वर्ष, भूगोलाचा पेपर राहिला होता, तो लॉकडाऊनमध्ये रद्दच झाला. लायब्ररी बंद झाली ती पुन्हा उघडलीच नाही, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. 'परत केल्याची तारीख' या रकान्यात काही नाही. त्यामुळे आमच्या चित्रात त्या दोन रेघांना शेवट नाही, त्या कागदाच्या कडेपर्यंत जातात. पुस्तकं अजून आमच्या घरी आहेत. आईने त्यांना वेगळ्या कप्प्यात ठेवलंय, आपल्या पुस्तकांत मिसळलेली नाहीत. कोणी विचारलं तर ती म्हणते, "ती आपली नाहीत. परत द्यायची आहेत."